टोपी आधी घालायची! सांगलीत पावणेपाचशेत करून घेतलेली आरसीए केबल

ही केबल जिथं करून घेतली त्या वायरी-प्लगांच्या दुकानाचं नाव देत नाही हे आधीच सांगतो. दुकानवाल्या अण्णांनीच बजावलंय, "नाव टाकू नकोस बाबा, आधीच दिवसाला दहा जण मोबाईलचं चार्जर आहे का विचारायला येतात." हरभट रोडच्या बाजूला एका बोळात आहे, दहा बाय आठची जागा असेल, पत्र्याचे शंभरेक ड्रॉवर आणि प्रत्येकावर पेनानं लिहिलेलं जे आता अण्णांनाच वाचता येतं. ज्यांना रेडिओ-अँप्लिफायरचा नाद आहे त्यांना एवढ्यावर कळलं असेल, बाकीच्यांनी कुठल्याही जुन्या टीव्ही रिपेअरवाल्याला विचारा, तो घेऊन जाईल.

तर विषय असा की दिवाळीत टीव्ही बदलला. जुन्या टीव्हीला मागं आवाज बाहेर काढायची लाल-पांढरी भोकं होती (ह्यांना लागते ती आरसीए केबल), नव्याला नाहीतच, फक्त एचडीएमआय आणि ऑप्टिकल. आणि बाबांचा अँप्लिफायर माझ्या मुंजीच्या आधीचा. तो काढून साउंडबार घेऊ म्हणलं तर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग डोकं लावलं की केबलवाल्याच्या सेटटॉप बॉक्सला मागं लाल-पांढरं आहे, तिथनं थेट अँपला जोडू, म्हणजे चित्र टीव्हीवर आणि आवाज बाबांच्या स्पीकरमधून. जुनी वायर पुरत नव्हती म्हणून ऑनलाइन एक केबल मागवली, तीन मीटर, अकराशे पन्नास रुपये, बोटाएवढी जाड, वर जाळीचं कापड, सोनेरी प्लग, 'ऑक्सिजन फ्री' तांबं वगैरे लिहिलेलं आणि वर बाण सुद्धा छापलेला की सिग्नल इकडून तिकडं जातो. दोन महिने बरी चालली, मग डावा स्पीकर मधेच जायला लागला, प्लग जरा हलवला की खर्रर्र करून परत यायचा. आणि घुंऽऽ असा बारीक आवाज पहिल्या दिवसापासून होताच, त्याला बाबा "जुनं झालंय यंत्र" म्हणून समजून घेत होते.

शेवटी एक दिवस कात्रीनं ती कापली. तुम्ही पण कधी तरी कापून बघा, डोळे उघडतात. बोटाएवढ्या जाडीत वायर म्हणाल तर दोन-तीन मिलिमीटरची, बाकी सगळं पोकळ प्लास्टिक आणि सुतळीसारखा दोरा भरलेला. शिल्ड म्हणजे बाहेरचा जो जाळीचा थर असतो तो नावाला, दहा-पंधरा तारा विस्कटून गुंडाळलेल्या. प्लगच्या आत तर सोल्डरचा थेंब पिनेला चिकटलेलाच नव्हता, नुसता टेकलेला होता. थोडक्यात आम्हाला टोपी घातली होती. हीच म्हण पुढं दुसऱ्या अर्थानं माझ्यावर उलटली, सांगतो.

पहिल्या चकरेत अण्णांनी काही विकलंच नाही. "किती लांबी पाहिजे?" तीन मीटर म्हणलं. "मोजलीस का अंदाजानं?" अंदाजानं. "घरी जा, सुतळी लाव बॉक्सपासून अँपपर्यंत, कपाटाच्या मागनं जशी जाणारे तशी, आणि ती सुतळी घेऊन ये." विश्रामबागवरनं परत एवढ्या लांब यायचं म्हणून जरा वैताग आला, पण सुतळी लावली तर निघाली दीड मीटर! वळणाला थोडी ढील धरून पावणेदोन. म्हणजे मी इतके दिवस सव्वा मीटर जास्तीची वायर कपाटामागं वेटोळं करून ठेवली होती, आणि ती पण टीव्हीच्या लाइटच्या वायरीला चिकटून. लाइटची वायर आणि आवाजाची वायर शेजारी शेजारी समांतर नेली की तिचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट हिच्यात शिरतो, एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा, हे मला चाळिशीत कळलं.

दुसऱ्या चकरेला खरं काम. आता जे नवीन आहेत त्यांच्यासाठी, घरातल्या आवाजाच्या वायरी दोन जातीच्या. एक बॉक्स, टेप, सीडी प्लेअर ह्यांच्यापासून अँपपर्यंत जाणारी, हिच्यात करंट जवळजवळ नसतोच, सिग्नल बारीक, त्यामुळं बाहेरचा कचरा आत येऊ नये म्हणून शिल्ड महत्त्वाचं. दुसरी अँपपासून स्पीकरपर्यंतची, तिथं करंट असतो, पन्नास वॅट आठ ओहमच्या स्पीकरला दिले तर अडीच अँपिअर होतात, तिथं शिल्ड नको, तांबं पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्या ठिकाणी जाड दिसणारी घेतात आणि स्पीकरला दोऱ्यासारखी.

अण्णांनी आरसीएसाठी माइकची वायर काढली. स्टेजवर माइकला वापरतात ती, आत दोन कोर, म्हणजे साल असलेल्या दोन वेगळ्या तारा, आणि वर तांब्याची विणलेली घट्ट जाळी. मी म्हणलं आरसीएला तर दोनच टोकं लागतात, मधली पिन आणि बाहेरची रिंग, मग तीन कशाला? तर ते म्हणाले लाल कोर मधल्या पिनेला, दुसरा कोर रिंगला, दोन्ही बाजूंना. आणि जाळी फक्त बॉक्सच्या बाजूला रिंगला जोडायची, अँपच्या बाजूला कापून वर स्लीव्ह चढवायची. म्हणजे आवाज जायला-यायला दोन कोर, आणि जाळी नुसती छत्रीसारखी वर. छत्री एकाच टोकाला बांधलेली म्हणून वायरीला दिशा आली, तेव्हा कुठं त्या महागड्या केबलवरच्या बाणाचा अर्थ लागला. गंमत अशी की मी कापलेल्या केबलमध्ये असलं काहीच केलेलं नव्हतं, बाण नुसता छापलेला.

अण्णा आधी नाटकांना साउंडला जायचे. भावे नाट्यमंदिरात स्टेजपासून मागं टेबलापर्यंत वायर ओढायची तर तीन पिनांची बॅलन्स्डच लागायची, एक नंबर पिन शिल्ड, दोनवर सिग्नल आणि तीनवर तोच सिग्नल उलटा, म्हणजे वाटेत जी घाण दोन्हींत सारखी शिरते ती शेवटी वजाबाकीत उडून जाते. "तिथं तीस मीटर असायचं," ते म्हणाले, "तुझं पावणेदोन मीटरला काय करायचंय ते?" ही गोष्ट मला आवडली, गिऱ्हाईक तयार असताना महागातलं गळ्यात मारलं नाही.

प्लग निवडण्यात मात्र त्यांनी अर्धा तास घालवला, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथंच होतं. वायर कशीही परवडते हो, तक्रार येते ती कायम टोकाला. बारा रुपयाचा प्लास्टिकचा प्लग पण आहे त्यांच्याकडं, पण त्यात वायर धरून ठेवायला काही नसतं, सगळा ताण सोल्डरवर येतो. आम्ही घेतला तो पत्र्याच्या बॉडीचा, आत दोन पाकळ्या असतात त्या वायरीच्या वरच्या सालीवर पक्कडीनं दाबायच्या, म्हणजे ओढलं तरी ताण सालीवर. सोन्याचं पाणी दिलेले पण होते. मी विचारलं सोन्यानं आवाज सुधारतो का? म्हणाले आवाज नाही सुधारत, सोनं गंजत नाही एवढंच, दोन-चार वर्षांनी प्लग काढून पुसायला आळस येणार असेल तर घे. आम्ही साधे निकेलचे घेतले. आरसीए म्हणजे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, त्या कंपनीनं काढलेला हा प्लग, आणि एवढ्या वर्षांत त्याच्यातला एक दोष काही गेला नाही, लावताना मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची अर्थची (अर्थिंगची) रिंग नंतर, म्हणून अँप चालू ठेवून प्लग घातला की स्पीकरमधून धडाम् आवाज येतो. तेव्हा अँप बंद करूनच लावा, स्पीकरमधला ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) गेला तर मग बोंबलू नका.

सोल्डरिंग. अण्णांकडं पंचवीस वॅटची साधी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो, आणि साठ-चाळीसची सोल्डर वायर, साठ टक्के कथील चाळीस टक्के शिसं. एकशे त्र्याऐंशी डिग्रीला वितळायला लागते. पहिली बाजू त्यांनी करून दाखवली. एक युक्ती चोरण्यासारखी आहे, प्लग हातात किंवा पक्कडीत धरत नाहीत, जुन्या अँपमधून काढलेलं एक सॉकेट लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून ठेवलंय, त्यात प्लग खोचायचा आणि मग डाग द्यायचा. कारण गरम झालं की मधल्या पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं आणि पिन वाकडी होते, सॉकेटमध्ये असली की सरळच राहते. वायरीला आधी वेगळी कल्हई केल्यासारखं सोल्डर लावून घ्यायचं, पिनेच्या वाटीत पण थोडं, मग दोन्ही एकत्र गरम, दोन सेकंदांत बाजूला. जास्त वेळ धरलं तर कोरवरची साल वितळून आतल्या आत जाळीला टेकते आणि शॉर्ट. आणि थंड होईपर्यंत हलवायचं नाही, फुंकर पण मारायची नाही. डाग चकचकीत दिसला पाहिजे, भुरा खरबरीत दिसला तर परत.

दुसरी बाजू मला करायला दिली. मस्त डाग दिला, चकचकीत, अण्णा पण हम्म म्हणाले, आणि मग बघतो तर प्लगची मागची टोपी टेबलावर! ती आधी वायरीत ओवून ठेवायला लागते, सोल्डर झाल्यावर पुढनं जातच नाही. सगळं उसवून परत केलं. दुकानात मिरजेहून एक पोरगा आलेला, सितारीच्या पिकअपची (वाद्याचा आवाज पकडायला बसवतात त्याची) वायर करून घ्यायला, त्याच्या वडिलांचा वाद्यांचाच धंदा, तो आणि अण्णा दोघं असे हसले की विचारू नका. "टोपी आधी घालायची, नाय तर स्वतःलाच बसते," इति अण्णा. एकूण चार टोपी-प्लग होते, दुसऱ्यांदा पण विसरलो हे घरी सांगितलेलं नाही.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवून पिन ते पिन, रिंग ते रिंग, आणि पिन ते रिंग वाजत नाही ना ते बघितलं, वायर वाकवत वाकवत. हिशोब असा, लाल-पांढऱ्या दोन मिळून साडेतीन मीटर वायर पंचेचाळीस रुपयांनी १५७.५०, चार प्लग पंचावन्नप्रमाणे २२०, मजुरी शंभर, झाले ४७७.५०. घेतले ४७५. अर्धी मजुरी मीच केली तरी शंभर घेतले त्याबद्दल मी काही बोललो नाही, शिकवणी समजा.

घरी लावली. डावा स्पीकर ठणठणीत, खरखर शून्य. पण घुंऽऽ तसंच! म्हणलं पावणेपाचशे पण पाण्यात. अण्णांना फोन लावला तर म्हणाले केबलवाल्याची गोल वायर बॉक्समधून काढ आणि मग ऐक. काढली, आणि घुं बंद. म्हणजे घुं हा वायरीचा दोषच नव्हता, ना ह्या ना आधीच्या. केबलवाल्याच्या वायरीची बाहेरची जाळी गल्लीत कुठं कुठं फिरून अर्थ झालेली असते, आपला अँप तीन पिनी, तो घरातल्या अर्थला जोडलेला. दोन अर्थमध्ये थोडा जरी फरक असला की मधल्या वाटेनं करंट फिरतो आणि ती मधली वाट म्हणजे तुमची आरसीए केबल. ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. आमच्या इथल्या एका वायरमनचा सल्ला होता की अँपची अर्थची पिन काढून टाका, घुं जाईल. जाईल हो, पण अँपचा ट्रान्सफॉर्मर कधी बॉडीला टेकला तर माणूस पण जाईल. अजिबात करू नका.

उपाय अण्णांनीच दिला, टीव्हीच्या ऑप्टिकल भोकातून घे. त्यासाठी एक छोटी डबी मिळते, एका बाजूला ऑप्टिकल दुसऱ्या बाजूला लाल-पांढरं. ऑप्टिकल म्हणजे १९८३ साली तोशिबानं काढलेली पद्धत, प्लास्टिकच्या तारेतून लाल उजेड जातो, तांबं नाहीच मधे, मग अर्थचा करंट फिरणार कुठनं. डबी सातशेला पडली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) करायला लागतो नाही तर काहीच ऐकू येत नाही, ह्यात माझी एक संध्याकाळ गेली. पण आता मध्यरात्री आवाज बंद करून स्पीकरला कान लावला तरी शांत. केबल तीच, पावणेदोन मीटरची, फक्त बॉक्सच्या ऐवजी डबीला.

आता स्पीकरची वायर, कारण तिसऱ्या चकरेत ती पण घेतली. दुकानाच्या भिंतीवर काउंटरच्या वर हातभर उंचीवर एक मातकट रेघ आहे, २०१९ च्या पुराची, पुसलेली नाही. आणि त्या रेघेखाली खिळ्याला एक पारदर्शक वायरीचं बंडल टांगलंय, पुरात भिजलेलं, आतलं तांबं शेवाळासारखं हिरवं झालंय. विकायला नाही, दाखवायला. ती पारदर्शक वायर दिसायला भारी असते पण ओल आत शिरली की तारांवर आतून गंज चढतो, आणि त्या टोकाकडनं हळूहळू हिरव्या होतात. घरी येऊन बघितलं तर आमची पण टोकाला वीतभर हिरवी.

नवीन घेताना सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. बाहेरून लालभडक. ओळखायची कशी, एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. पण उलटं पण होतं, कथील चढवलेलं चांगलं तांबं बाहेरून पांढरं दिसतं आणि खरवडल्यावर लाल निघतं, ते घ्या, आपल्या दमट पावसाळ्याला ते उलट बरं. दुसरं म्हणजे बंडल हातात घेऊन वजन बघा, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. अण्णांनी दोन्ही माझ्या दोन हातांत दिली, डोळे मिटून सुद्धा कळत होतं.

जाडी किती? लाइटवाल्यांच्या भाषेत एकची, दीडची, अडीचची, म्हणजे तेवढे चौरस मिलिमीटर. आमचा लांबचा स्पीकर दरवाजावरून वळसा घालून सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटर तार झाली. दीडच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण ०.१६ ओहम भरतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढं काहीच नाही. जी आमच्याकडं आधी होती ती अर्ध्या चौरस एमएमची, तिच्यात जवळपास ०.४७, आणि ती खऱ्या तांब्याची असेल तर! मुलाम्याची असली तर पाऊण ओहमच्या आसपास. वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे आठ ओहमला ०.४. तर साध्या हॉलला दीडची भरपूर झाली, चार ओहमचे स्पीकर किंवा लांब अंतर असेल तर अडीचची. लाइटची दोन कोरची फ्लेक्सिबल वायर चालते, 'स्पीकर केबल' असं छापलेलीच पाहिजे असं काही नाही. ऑक्सिजन फ्रीचं पण विचारलं, साधं तांबंच ९९.९ टक्के शुद्ध असतं म्हणाले, पुढच्या दशांशाचे पैसे तू दे.

जोडताना आणखी एक घोळ सापडला. एका स्पीकरचं लाल-काळं उलटं जोडलेलं होतं, कधीपासून देव जाणे. असं असलं की एका स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो आणि बेस हवेतच मरतो. वायरीवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलची प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. सरळ केलं आणि तबल्याचा डग्गा आला हो घरात! बाबा आतून उठून आले, म्हणाले आवाज वाढवलास का? वाढवला नव्हता. खरं सांगायचं तर एवढ्या खटाटोपात कानाला सगळ्यात मोठा फरक ह्यानंच पडला, आणि ह्याला खर्च शून्य.

आता दुकानाच्या तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही. बिल मिळत नाही, मागितलं तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहून देतात. दुपारी दीडला शटर खाली ते साडेचारला वर, कधी पाचला, मी एकदा अडीच तास भडंग खात बोळात बसलोय. आमच्या चार प्लगांतला एक इतका घट्ट होता की काढताना अँपचं सॉकेटच हातात येतंय की काय वाटलं, नेऊन दाखवला तर बदलून नाही दिला, बाहेरच्या रिंगेच्या पाकळ्या पेचकसानं जरा फाकवून दिल्या. चालतोय, पण नवीन द्यायला हरकत नव्हती. आणि बोलण्यात गुंतले की तुमचं काम तसंच राहतं, घाई असेल तर जाऊच नका.

टेप डेकचं काम अजून राहिलंय. त्याला मागं पाच पिनांचं गोल डिन सॉकेट आहे, त्याची वायर आमच्या इथं तयार मिळत नाही. अण्णांनी कागदावर काढून दिलंय, दोन नंबर पिन अर्थ, तीन आणि पाचवर डावा-उजवा आवाज बाहेर, एक आणि चार रेकॉर्डिंगचे, ते आपल्याला नकोत. पिनांचे नंबर सरळ ओळीत नसतात, एक-चार-दोन-पाच-तीन असे येतात, तिथंच सगळे चुकतात म्हणे. प्लग मागवलाय, आठवड्यानं या म्हणालेत. बोळात फोर-व्हीलर जात नाही, गाडी मेन रोडला लावून चालत या, आणि येताना सुतळी आणा.